दिवा कोण मालवतं?

ताई, सा. न.

मी आणि माझे पती, दोघंही शिक्षक, ऑगस्टमध्ये अलास्कातल्या एका युपिक (तिथले मूळनिवासी) लोकांच्या गावात आलो. बेथेलहून छोट्या विमानानं. गावाला रस्ता नाही, घरात नळ नाही. पाणी भरून आणायचं आणि शौचाला बादली. भाजी दृष्टीला पडत नाही. सोबत आणलेला रवा मी पुरवून पुरवून वापरते. मी गणित शिकवते, हे विज्ञान. वर्गात मुलं बोलतच नाहीत. "समजलं का?" विचारलं की नुसत्या भुवया उडवतात. आणि संध्याकाळी तीच मुलं येऊन आमचं दार वाजवतात! आम्ही दमलेले असतो, म्हणून मी दिवा मालवते आणि ती जाईपर्यंत गप्प बसतो. एकदा हे उघडायला उठले होते, मी हाताला धरून बसवलं.

हल्ली हे घरात अजिबात बोलत नाहीत. ख्रिसमसच्या सुट्टीतच परत जाऊ म्हणतात. करार मेपर्यंत आहे. मी सगळं सोसून टिकून आहे, पण एकटीनं किती रेटायचं? खिडकीतून चर्चचा निळा घुमट दिसतो, त्याच्याकडे बघत दिवस ढकलते. यांना कसं समजावू?

– मृ., मूळ गाव सातारा

मृ.,

पाणी, बादली, भाजी, थंडी यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते अवघड आहे आणि तीन महिने तू ते निभावलं आहेस. मी अडकले ती एका वाक्यापाशी. "एकदा हे उघडायला उठले होते, मी हाताला धरून बसवलं."

सगळ्या पत्रात नवऱ्याच्या बाजूचं एवढं एकच वाक्य आहे आणि तू ते लिहून सरळ पुढे गेलीस. आधी तो पळपुटा, मग अबोल, आणि तू टिकणारी. पण दार वाजल्यावर उठला तो, दिवा मालवलास तू. शाळेतून आल्यावर अंधारात श्वास रोखून बसायचं, आपल्याच विद्यार्थ्यांची पावलं दूर जाईपर्यंत. अशा घरात कुणाला बोलावंसं वाटेल? तो गावाला कंटाळलाय असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं तो त्या अंधाराला कंटाळलाय.

आणि दिवा मालवून तू फसवतेस कुणाला? नोव्हेंबरच्या बर्फात तुम्हा दोघांची पावलं दारातून आत गेलेली दिसतात, बाहेर आलेली दिसत नाहीत. ती शिकाऱ्यांची पोरं आहेत, माग काढायला लहानपणापासून शिकतात. बाई घरात आहेत आणि आपल्याला घ्यायचं नाहीये, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. तरी ती रोज येतात. मला तर या गोष्टीनं भरून आलं.

माझी एक मैत्रीण तिकडच्याच कुस्कोक्विम नदीकाठच्या एका गावात सहा वर्षं शिकवत होती. ती सांगते, शिक्षक नवा आला की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : "पुढच्या वर्षी येणार का?" इतके शिक्षक आले आणि गेले, की मुलं आधी तेवढंच तपासून घेतात.

यामागचं थोडं ऐक. दार वाजवणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांच्या लहानपणी तिथल्या बहुतेक गावांत हायस्कूलच नव्हतं. पुढे शिकायचं तर चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून शेकडो मैलांवरच्या वसतिशाळेत जायचं, कुणी सिटकाजवळ, कुणी थेट ओरेगनमधल्या चेमावाला. शाळेत युपिक बोललं तर शिक्षा व्हायची. एमोनाकच्या मॉली हूच या युपिक मुलीच्या नावानं, गावातच हायस्कूल हवं म्हणून, १९७२ मध्ये खटला उभा राहिला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १२६ गावांत हायस्कुलं काढायचं राज्यानं कबूल केलं. तू जिथं गणित शिकवतेस तो वर्ग असा भांडून मिळवलेला आहे. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात हालोंग वादळाच्या पाण्यात तिकडच्याच किपनक आणि क्विगिलिंगॉक या गावांतली घरं वाहून गेली तेव्हा लोकांनी आसरा घेतला तो शाळेतच. तिथं शाळा आणि गाव वेगळं नसतं गं. साडेतीनला शाळा सुटली की बाई संपल्या, हा हिशेब तिथं लागू नाही.

आता भुवयांचं. भुवया वर म्हणजे हो. नाक मुरडलं तर नाही. तीन महिने तुझा वर्ग तुला "हो, समजलं" सांगतोय आणि तू ते उडवाउडवीचं समजतेस. साताऱ्यातलं पोर नुसती मान डोलावतं तेव्हा "तोंडानं बोल" म्हणून त्याला तू खडसावतेस का? आणि प्रश्न विचारलास की थांबत जा. तिथं मोठ्यांसमोर घाईनं बोलणं बरं दिसत नाही. तू दोन क्षणांत पुढच्या मुलाकडे वळत असशील, तर उत्तर पहिल्याच्या ओठांवर राहून जात असेल.

दमणूक मला कळत नाही असं समजू नकोस. धडगाव तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर गेले तेव्हा पहिले दोन महिने मीही संध्याकाळी कडी घालत होते. पावरी बोलणारी मुलं उंबऱ्याशी येऊन नुसती बसायची. एकदा ओल्या लाकडांनी चूल पेटेना, धूर फार झाला म्हणून दार उघडलं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी आत आली, माझ्या हातातली फुंकणी घेतली, लाकडं सरकवली आणि चूल पेटवून दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलं उत्तर तिचं होतं.

म्हणून तुला एकच सांगते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी दिवा चालू ठेव. दार वाजलं की नवऱ्याला उघडू दे, तू जागची हलू नकोस. मुलांना समोरच्या खोलीत बसवा, दोघंही घरात असाल तेव्हाच. बऱ्याच गावांत मुलांची घरी परतायची वेळ ठरलेली असते. तुमच्या गावातली कोणती, आणि शाळेचा याबाबत काय नियम आहे, हे शाळेतल्या एखाद्या युपिक शिक्षिकेला आधी विचारून ठेव. तास-दीड तास पुष्कळ झाला. रोज नको, शुक्रवार ठरवून टाक.

आणि तो जपून ठेवलेला रवा काढ. त्याचा शिरा कर, तूप हात राखून घालू नकोस. त्यांच्याकडे अकुताक असतं, चरबी आणि साखर हातानं फेसून त्यात टुंड्रातली बोरं-फळं घालतात. तुझा शिरा त्यांना परका वाटणार नाही, बघ. खाताना त्यांना म्हण, तुमच्यात वीस कसं म्हणतात ते शिकवा मला. ती सांगतील, युइनाक. 'युक' म्हणजे माणूस. हातापायांची बोटं मिळून एक अख्खा माणूस, म्हणून वीस. त्यांची सगळी मोजणी विसांची आहे. माझी आजी शेणाच्या गोवऱ्या "तीन इसा, चार इसा" अशा मोजायची. तुझ्याही घरात कुणी मोजत असेल. ते त्यांना सांग. सोमवारी वर्गात फळ्यावर दशमान मांडशील तेव्हा कुठून सुरुवात करायची हे तुला आपोआप कळेल.

तिकिटाचं बोलणं चार शुक्रवार झाल्याशिवाय काढायचं नाही, दोघांनीही. तोवर डिसेंबर लागेल, दिवस सहा तासांचाही उरणार नाही, तेव्हा घरात माणसं आलेली तुम्हालाच हवीशी वाटतील. निळा घुमट म्हणतेस म्हणजे गाव बहुधा रशियन ऑर्थोडॉक्स पंथाचं असावं. तसं असेल तर ७ जानेवारीपासून तिथं स्लाविक, म्हणजे त्यांचा नाताळ, असतं. मोठा तारा फिरवत, गाणी म्हणत लोक घरोघर जातात आणि घरवाले आलेल्या सगळ्यांना जेवू घालतात. त्या चर्चकडे तू तीन महिने काचेतून बघते आहेस. स्लाविक कुठल्या घरापासून सुरू होतं ते शुक्रवारी मुलांनाच विचार.

नवऱ्याला समजावायला जाऊ नकोस. "त्या दिवशी तुम्ही उठलात, मी बसवलं, माझं चुकलं," एवढं मात्र त्याला सांग, शुक्रवारच्या आधी.

आणि दाराशी बूट काढायला जागा करून ठेव. आठ-दहा जोड तरी होतील.

– ताई