अझोला, अळ्या की लसूणघास? पेंडीला खरा पर्याय कोणता?

"सरकी पेंड परवडत नाही. अझोला, माशीच्या अळ्या असलं काही वापरून जनावरांची प्रथिनांची गरज भागते का? आणि हेच माणसांना चालेल का?" असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे चार एचएफ गाई आणि वीसेक गावठी कोंबड्या आहेत. यातलं बरंचसं मी पदरचे पैसे घालून करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती. त्यापासून सुरुवात करतो, कारण मीही तिथूनच केली. मोबाइलवर व्हिडिओ बघून १२ बाय ६ फुटांचा वाफा केला. खाली सिलपोलीनचा म्हणजे जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चाळलेली माती, शेणकाला आणि मूठभर सुपर फॉस्फेट. पंधरा दिवसांत पाण्यावर हिरवीगार साय धरली. रोज दीड किलोच्या आसपास निघायचा. शेणाचा वास जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुवायचा आणि आंबोणात कालवून गव्हाणीत टाकायचा. पहिले चार दिवस गाईंनी फुर्र करून बाजूला सारला, मग खायला लागल्या. महिना झाला तरी दुधाच्या मापात काडीचा फरक नाही.

शेवटी आईच म्हणाली, "अरे, वाळवून बघ तरी, उरतंय किती." किलोभर अझोला तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर पसरून पत्र्यावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काट्यावर ठेवला, तर भरला साठ ग्रॅम.

अझोल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात हे खोटं नाही, पण ते वाळल्या वजनावर. ओल्या अझोल्यात ९३-९४ टक्के पाणीच असतं. म्हणजे माझ्या दीड किलोतून प्रथिनं मिळत होती वीस-बावीस ग्रॅम. तेवढी शंभर ग्रॅम सरकी पेंडीत असतात. बारा लिटर दूध देणारी गाय नुसत्या दुधातून दिवसाला पावणेचारशे ग्रॅमच्या वर प्रथिनं बाहेर टाकते. आता तुम्हीच ताळा करा. रोजचा अर्धा तास राबून मी साडेतीन रुपयांची पेंड वाचवत होतो. वर एप्रिलच्या उन्हात वाफा विटकरी पडला तो वेगळाच.

त्यामुळे कुठलाही पर्याय समोर आला की पाणी वजा करा आणि एक किलो प्रथिनाला किती रुपये पडतात ते काढा. सरकी पेंड ३५ रुपये किलो आणि प्रथिनं २२ टक्के धरली, तर किलोभर प्रथिन १६० रुपयांच्या घरात जातं. सोयाबीन डीओसी, म्हणजे जवळपास सगळं तेल काढून उरलेली सोयापेंड, ४५ रुपये धरली तरी तिच्यात ४५ टक्क्यांच्या पुढे प्रथिनं असतात, म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेर. पोत्याच्या भावाला महाग वाटणारी डीओसी प्रत्यक्षात स्वस्त पडते. मग गाव सरकीला का धरून बसलंय? तिच्यात तेलाचा अंश राहतो, डीओसीत जवळपास नाही. शिवाय दुधाला फॅट लागली नाही तर डेअरीवर तोंड पडतं. मी अर्धी सरकी काढून डीओसी घातली, हळूहळू, पंधरा दिवसांत.

हल्ली इथेनॉलच्या कारखान्यांतला चोथाही डीडीजीएस म्हणून मिळतो. मक्याचा असेल तर २७ ते ३० टक्के आणि तांदळाचा असेल तर ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. भावाला चांगला पडतो, पण एक गोम आहे. दाण्यातल्या पिठाची दारू होते आणि बाकी सगळं मागे उरतं. मका बुरशीचा असेल तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही चोथ्यात जवळपास तिप्पट दाट होऊन येतं आणि गाईवाटे दुधात उतरतं. कुबट वास आला, गठ्ठे लागले तर पोतं परत करा. पण वास नाही म्हणजे विष नाही असंही नाही, त्यामुळे तपासणीचा कागद मागाच.

मला खरं तारलं ते लसूणघासाने, म्हणजे ल्युसर्नच्या हिरव्या चाऱ्याने. राहुरी कृषी विद्यापीठाची आरएल-८८ ही जात लावली आहे. दहा किलो ओल्या घासात दोन किलोच्या आसपास कोरडा चारा असतो आणि प्रथिनं जवळजवळ चारशे ग्रॅम. मात्र सकाळी दवाचा घास तसाच पोटभर घातला तर पोटफुगी ठरलेली. थोडा सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालावा. सुबाभूळही चालते, पण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. तिच्यातल्या मिमोसीन या विषारी घटकाने जनावराचे केस गळतात.

अझोल्याला अगदीच निकालात काढू नका. वाफ्याच्या जागेचा हिशेब केला तर तो लसूणघासाला मागे टाकतो. ज्याच्याकडे अंगणच आहे आणि दारात कोंबड्या आहेत, त्याने जरूर करावा. कोंबड्या तुटून पडतात आणि बलक पिवळाधमक होतो.

अळ्याही कोंबड्यांनाच. घरमाशीच्या नव्हेत, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. सडक्या भाजीपाल्यावर पोसतात, वाळल्या वजनावर ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. युरोपात किडींचं प्रथिन मत्स्यपालनातल्या माशांना २०१७ पासून आणि कोंबड्या-डुकरांना २०२१ पासून चालतं. गाईला मात्र नाही. ब्रिटनमध्ये गाईंना मांस-हाडांची भुकटी चारली, त्यातून मॅड काऊ हा मेंदूचा रोग पसरला, तेव्हापासून गाईला असं प्राणिज प्रथिन न चारण्याचा दंडक आहे.

माणसांचं म्हणाल तर सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेल्या पिठाच्याच सोयावड्या होतात, शंभर ग्रॅममागे पन्नासेक ग्रॅम प्रथिनं. म्हणजे गाईची डीओसी आणि आपली सोयावडी चुलत बहिणीच. दुसरा एक पर्याय आता विस्मरणात गेलाय. इंग्लंडमध्ये पिरी नावाच्या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाल्यातून थेट प्रथिन काढण्याचं काम हाती घेतलं. पुढे त्यावर आपल्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही लसूणघास घेऊन बरंच काम झालं. पाला ठेचून रस पिळायचा, रस तापवला की पनीरसारखा साका धरतो. साका माणसाला आणि चोथा जनावराला.

मी घरी करून पाहिलं. दोन किलो घास मिक्सरला लावला, पंचात पिळला, रस गॅसवर ठेवला. खरंच फाटला. वाटीभर काळपट हिरवा गोळा निघाला. मीठ-मिरची लावून तव्यावर परतला तरी ओल्या गवताचा वास काही जाईना. आईने एक घास खाल्ला, ताट सरकवलं आणि म्हणाली, "यापेक्षा मटकीची उसळ काय वाईट होती?" चोथा गाईंनी खाल्ला. हिरवा गोळा कोंबड्यांपुढे टाकला, तर दोन मिनिटांत थाळी लख्ख.