वाचकांचे प्रश्न : रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून सेलू तालुक्यात शेती करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी छत्रपती संभाजीनगर येथील डॉक्टरांनी रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्यांना यंत्राच्या हाती सोपवावे का? जास्तीचा खर्च सार्थकी लागेल का? (एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, परंतु यंत्र स्वतःहून काहीही कापत नाही. शल्यविशारद त्याच खोलीत कन्सोलपाशी (यंत्र चालवण्याच्या नियंत्रण-मेजापाशी) बसून, अनेक पटींनी मोठे झालेले त्रिमितीय दृश्य पाहत हात हलवतात आणि सुमारे ८ मिलिमीटरच्या छिद्रांतून आत गेलेली, मनगटासारखी वळणारी उपकरणे त्यांच्या हाताचा सूक्ष्म कंप गाळून तीच हालचाल करतात. प्रोस्टेट ग्रंथी ओटीपोटाच्या अरुंद तळाशी असल्याने तेथे या नेमकेपणाचे मोल मोठे आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत रक्तस्राव कमी होतो व रुग्ण लवकर घरी जातो. मात्र लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांबाबत, २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत १२ आठवड्यांनंतर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून यंत्रापेक्षा डॉक्टरांचा अनुभव पाहा; त्यांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे संकोच न बाळगता विचारा. माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

विमा असल्यास पॉलिसी वाचा, कारण या शस्त्रक्रियेसाठी रकमेची वेगळी मर्यादा असू शकते. घरी परतल्यावर काही दिवस लघवीची नळी राहील. दुखणे कमी म्हणून शेतकरी रुग्ण लगेच कामाला लागतात, हे मी वारंवार पाहतो. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वडिलांना पोती उचलू देऊ नका व ट्रॅक्टरवर बसू देऊ नका.