ज्वारीच्या पात्याने ओरखडलेलं भरून येतं, मग भाजलेल्या जागी केस का उगवत नाहीत?

ज्वारी काढताना पात्यांनी हात ओरबाडतात, आठवड्यात मागमूस राहत नाही. माझ्या मनगटावर मात्र लहानपणी उकळतं तेल सांडलं होतं. तिथं अजून चकचकीत डाग आहे, केस एकही नाही.

फरक जखमेच्या खोलीचा. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशी वर सरकत साधारण महिनाभरात गळून पडतात. उटण्याने निघतो त्या मळात बऱ्याच याच!

दुसरा साठा केसाच्या मुळाजवळ असतो. अगदी टोकाला नाही, तर अंगावर काटा आणणारा बारीक स्नायू जिथं चिकटतो त्या फुगवट्यात. एरवी या पेशींपासून केस उगवतात. वरची कातडी सोलली तर वर येऊन भर घालतात. खोल भाजलं की हे फुगवटेच जळतात. मग कडेची कातडी सरकून जागा झाकते, खाली व्रण उरतो.

१९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. पुढं तशा पातळ चादरी भाजलेल्यांवर लावल्या गेल्या. जीव वाचले, पण त्या कातडीला केस नाहीत, घामाच्या ग्रंथीही नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही दुसरी उणीव जास्त जाचते.