कस्पटे वस्ती : ‘वस्ती’ म्हणजे काय?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी पुण्याजवळ वाकडला कस्पटे वस्तीत फ्लॅट घेतला. सदाशिव पेठेतल्या मावशी म्हणाल्या, ‘अगं, वस्तीत कशाला घर घेतलंस?’ आता सोसायटीतही चर्चा चालू आहे, की वस्ती म्हणजे झोपडपट्टी, तर पत्त्यातून हा शब्द काढून नुसतं ‘वाकड’ लिहावं का?

काढू नका.

‘वस्ती’ आला ‘वस्’ या संस्कृत धातूपासून. ‘वसति’ म्हणजे राहणं, मुक्काम. हा अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. रात्री खेड्यात थांबून पहाटे परत फिरणाऱ्या एसटीला आपण वस्तीची गाडी म्हणतो. पाहुण्यालाही ‘आज वस्तीला आहात ना?’ असं विचारतो. श्रीमंती-गरिबीचा यात कुठे संबंधच नाही.

राहण्याचं ठिकाण हा अर्थ पुढचा. आपल्याकडे गावठाणात घरं दाटीनं असत आणि शेत लांब. विहीर रानात, गुरं रानात, पिकाची राखणही तिथेच. मग एखादं कुटुंब रानातच घर बांधून राहायला जायचं. पुढे भावाभावांची घरं वेगळी व्हायची, चार-दहा उंबरे जमायचे आणि त्या जागेला कुटुंबाचं आडनाव चिकटायचं. वाकडची कस्पटे वस्ती, विनोदे वस्ती, लोहगावची साठे वस्ती ही सगळी नावं याच घडणीची. वाडी साधारणपणे याहून मोठी, पण दोन्हींमधली सीमा काही पक्की नाही. दुर्गम पाड्यांवरच्या लहान मुलांसाठी शासनाने शाळा काढल्या, त्यांनाही ‘वस्तीशाळा’च म्हटलं.

मग झोपडपट्टीचा अर्थ आला कुठून? शहरातून. सरकारी मराठीत ‘गलिच्छ वस्ती’ हा शब्दप्रयोग रुळला, ‘गलिच्छ वस्ती निर्मूलन’ असे फलक लागले. मला वाटतं, बोलताना त्यातलं विशेषण गळून गेलं आणि त्याचा डाग मात्र ‘वस्ती’वर राहिला. दुसरीकडून सामाजिक कार्यकर्त्यांनी ‘झोपडपट्टी’ हा शब्द टाळला. त्यात हिणवणं आहे, म्हणून ते ‘वस्तीतली मुलं’, ‘वस्तीपातळीवरचं काम’ असं बोलू लागले. हेतू माणसांचा मान राखण्याचा होता आणि तो मला मोलाचा वाटतो. पण शब्द बदलला तरी लोकांच्या मनातला दुरावा नव्या शब्दाच्या मागे आलाच. मावशींच्या बोलण्यात ऐकू येतो तो हाच दुरावा.

जातीवरून पडलेल्या वस्त्यांच्या नावांची गोष्ट वेगळी. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि तो योग्यच होता. ती नावं गावानं लादलेली होती. कस्पटे वस्ती हे नाव तिथं राहणाऱ्यांच्याच आडनावाचं आहे. ते पुसलं, तर ही जमीन आधी कोण कसत होतं याची खूण जाईल. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, रविवार पेठेतली बोहरी आळी आपण अभिमानानं सांगतो. मग वाकडच्या शेतकऱ्यांनीच काय केलं?

पत्त्यात ‘वस्ती’ ठेवावी का, हा प्रश्न यापुढे अनेकांना पडणार आहे. वाकड १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. या गावांबरोबर त्यांच्या वाड्या-वस्त्याही शहराच्या पत्त्यात आल्या. २०११ च्या जनगणनेत दोन्ही महापालिकांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांच्या वर होती. इथे ‘लोकवस्ती’ न लिहिता ‘लोकसंख्या’च लिहावं, कारण आकडा मोजायचा आहे. लोकसंख्या वाढते, लोकवस्ती दाट किंवा विरळ असते. ‘लोकवस्ती ४८ लाख’ असं छापलेलं दिसतं, ते अर्थाला धरून असलं तरी मला ढिलं वाटतं.

राहिलं लेखन. फलकावर ‘कस्पटे वस्ती’ असे दोन सुटे शब्द लिहा, ‘ती’ दीर्घ. ‘वसतिगृह’ मात्र मूळ संस्कृत ‘वसति’पासून झालेलं, म्हणून त्यात ‘ति’ ऱ्हस्व.