मेरापी : अंतर मोजू नका, दरी बघा

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहराहून मेरापी ज्वालामुखी जेमतेम ३० किलोमीटरवर आहे आणि इशारा 'सियागा', म्हणजे चारपैकी तिसऱ्या पातळीचा. अशात जीपने पायथ्याशी जावं का, आणि लाव्हा आलाच तर गाडीने निसटता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी लाव्हा डोक्यातून काढा. आपला सह्याद्री पातळ, सहज वाहणाऱ्या बेसॉल्ट लाव्हाच्या थरांचा, म्हणून ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला वाहता लाव्हाच आठवतो. मेरापीचा अँडेसाइट प्रकारचा लाव्हा मात्र चिकट. तो माथ्यावरच घुमटासारखा साचतो आणि कड फार पुढे आली की ढासळतो. मग शेकडो अंश तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोट ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने खाली येतो. जावातले लोक त्याला 'वेधुस गेंबेल' म्हणतात, म्हणजे लोकरीची मेंढी. लांबून तो खरंच तसा दिसतो. त्याच्यापुढे जीपचा काय पाड!

हा लोट बहुतेक घळीतूनच उतरतो, आणि घुमट ज्या अंगाला झुकेल ती घळ त्याची. १९३० मध्ये पश्चिमेला सुमारे १,३७० माणसं गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये दक्षिणेला, बोयोंग नदीच्या बाजूला, तुर्गो गावात साठहून अधिक. जून २००६ मध्ये लोट गेंडोल नदीकडे वळला. तेव्हा तिथल्या कालियादेम वस्तीतल्या बंकरमध्ये दोघे शिरले. बंकर तापलेल्या राखेखाली गाडला गेला आणि आतल्या उष्णतेने दोघेही दगावले. जीपवाले आज तोच बंकर दाखवतात. वरून पडणारे दगड तो अडवेल, पण अशा थराखाली त्याची भट्टी होते.

२०१० ने घुमटाचा हा हिशेबही मोडला. २६ ऑक्टोबरला नवा घुमट दिसण्याआधीच स्फोट झाला. बंदी क्षेत्र १० वरून १५ आणि मग २० किलोमीटर करावं लागलं, कारण ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर गेंडोलच्या दरीतून लोट १५ किलोमीटरच्या आसपास पोचला. त्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास बळी गेले.

त्यामुळे नुसती पातळी पाहून ठरवू नका. बीपीपीटीकेजी ही निरीक्षण संस्था प्रत्येक नदीसाठी वेगळं अंतर देते. गेली काही वर्षं क्रासाक-बेबेंगला ७ किलोमीटर, तर वोरोला ३ असे आकडे असायचे. निघायच्या सकाळी ताजे आकडे बघा आणि जीप कुठल्या नदीकाठाने जाणार ते चालकाला विचारा. माथ्याची चढाई २०१८ पासून बंद आहे. कुणी 'गुपचूप नेतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

एन-९५ मास्क जवळ ठेवा, काँटॅक्ट लेन्सऐवजी चष्मा घाला. पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, नदीपात्रात उतरू नका. खाली ऊन असतानाही वरच्या पावसाने राख-दगडांचा चिखल अचानक येतो. घरघर ऐकू आली तर पुलावर फोटो काढत थांबू नका, काठ चढा.