स्विचरचा ऑडिओ बोर्ड गेला असेल तर थेट बदलून टाकावा का?

तुमच्या हॉलमधल्या व्हिडिओ स्विचरच्या, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतलं हवं ते चित्र निवडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या, एका चॅनेलचा आवाज गेला, मेकॅनिकने झाकणही न उघडता 'ऑडिओ बोर्ड गेला, दुसरा मागवा' म्हणून सांगितलं आणि तुम्ही विचारताय की जुना बोर्ड कुठे मिळेल. मिळेल हो. पण आधीचा कशाने गेला ते कोणी बघितलंय का? ते न बघता बसवलेला बोर्ड माझा दोन रात्रींत गेलाय.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. वीसएक वर्षांपूर्वी दादा आणि मी नवरात्रात एका मोठ्या गरबा मैदानावर तीन कॅमेऱ्यांचं काम करायचो. स्विचरमधून चित्र केबलवाल्याकडे आणि मैदानातल्या पडद्यावर जायचं. गायकांचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आमच्याकडे यायचा. मध्यांतरात मात्र जाहिरातींच्या टेप आम्ही लावायचो, तेव्हा आवाज आमच्याकडून त्याच्या मिक्सरला जायचा. केबलवाल्याला दोन्ही चॅनेल, मैदानाला फक्त डावा, एका आउटपुटचे दोन फाटे करणारी वाय केबल लावून.

तिसऱ्या माळेला मध्यांतरानंतर डावा चॅनेल फाटायला लागला आणि थोड्या वेळात बंद पडला. सर्व्हिस सेंटरने फोनवरच निकाल दिला: बोर्ड बदला, यायला सहा आठवडे. दादा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेला, लॅमिंग्टन रोडवर एका भंगारातल्या स्विचरचा बोर्ड नऊ हजारांना मिळवला आणि पाचव्या माळेला आम्ही तो बसवला. आवाज आला. सहाव्या माळेला, मध्यांतरानंतर, पुन्हा डावा चॅनेल गेला.

दादा म्हणाला, जुना माल, असाच निघायचा. मला ते पटेना. दोन वेगळे बोर्ड, दोन्हींचा उजवा चॅनेल ठणठणीत, दोन्हींचा डावाच गेलेला आणि दोन्ही वेळा मध्यांतरानंतर. त्या रात्री घरी येऊन दोन्ही बोर्डांवर मीटर लावलं. अधिक-उणे 15 व्होल्टचा सप्लाय दोन्ही बाजूंनी बरोबर. आउटपुटला आवाज बाहेर ढकलणारी 4558 ही छोटी अँप्लिफायर आयसी असते, तिची पिन 1 शून्याच्या आसपास असायला हवी, तिथे साडेतेरा व्होल्ट. तिच्यापुढचे कपॅसिटर 16 व्होल्टपर्यंतच सोसणारे, डोकं फुगलेले. पलीकडचा उजवा भाग बघितला तर अगदी नव्यासारखा. नासाडी सगळी आउटपुटच्या तोंडाशी होती, म्हणजे जे काही आलं ते बाहेरून, केबलमधून आलं होतं.

सातव्या माळेला संध्याकाळी, काहीही जोडायच्या आधी, आमचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरला नेणाऱ्या केबलच्या आमच्याकडच्या टोकाला, तीन पिनांच्या कनेक्टरच्या पिन 1 आणि 2 मध्ये, मीटर लावलं. 48 व्होल्ट. फँटम, म्हणजे मिक्सर माइकच्या केबलमधूनच माइकला देतो तो डीसी सप्लाय! गायकांच्या कंडेन्सर माइकसाठी त्याने ते चालू ठेवलं होतं, त्याच्या मिक्सरवर सगळ्या चॅनेलना मिळून एकच बटण होतं आणि आमची केबल त्याने माइकच्या इनपुटला खोचली होती. 'अमारी बाजू बधुं बराबर छे' हे त्याचं पालुपद मीटर डोळ्यांसमोर धरेपर्यंत थांबलं नाही.

मग मध्ये एक 1:1 चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला. आवाज पलीकडे जातो, डीसी अलीकडे येत नाही. आमच्या मूळ बोर्डावर एक 4558 आणि दोन कपॅसिटर बदलले, खर्च पन्नास रुपयांच्या आत. मुंबईहून आणलेल्या बोर्डालाही तेच केलं. स्विचर विकेपर्यंत त्याच मूळ बोर्डावर चालला. दादा दिवाळीच्या फराळाला अजून म्हणतो की मुंबईचा बोर्ड कच्चाच होता. तो बोर्ड माझ्याकडे आहे, चालतोय. त्याचा काही दोष नव्हता.

आता तुमचं. आधी डाव्या-उजव्याच्या केबल अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर सरकला तर बोर्डाला हात लावू नका. नाही सरकला तर 1 किलोहर्ट्झचा टोन सोडून इनपुटपासून एकेक टप्पा तपासत पुढे जा, टोन जिथे हरवतो तिथे दोष. गुणगुण येत असेल तर तिचा सूर ऐका: 50 हर्ट्झची असेल तर बहुतेक अर्थिंगचा लूप, 100 ची असेल तर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर. नव्वदच्या दशकातला जपानी स्विचर असेल तर बोर्डावरचे छोटे कपॅसिटर गळलेले असू शकतात. सोल्डरिंग आयर्न टेकवल्यावर मासळीसारखा वास आला की समजा. तो द्राव तांब्याचे ट्रॅकही खातो, मग नुसते कपॅसिटर बदलून भागत नाही, तुटलेल्या ट्रॅकला वायर जोडावी लागते.

एसडीआयचा, म्हणजे एकाच केबलमधून डिजिटल सिग्नल नेणारा, नवा स्विचर असेल तर मात्र आवाज चित्राच्या सिग्नलमध्येच गुंफलेला असतो आणि तो बहुतेक एकाच मोठ्या चिपमध्ये हाताळला जातो. ती चिप घरी बदलता येत नाही, तिथे अख्खा बोर्डच बदलायचा. बोर्डाचा नंबर त्याच्यावरच छापलेला असतो, पुढचं रिव्हिजनचं अक्षरही जुळवा, नाहीतर कनेक्टर कदाचित बसणार नाहीत.

झाकण उघडण्याआधी प्लग काढायचाच, पण तेवढ्यावर थांबू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर नंतरही 300 व्होल्टच्या वर राहू शकतात, मीटरने खात्री करा. रिबन, म्हणजे आतल्या चपट्या केबल, काढण्याआधी फोटो काढा. आणि उद्याच कार्यक्रम असेल तर तपासत बसू नका, बोर्ड बदला. पाचव्या माळेला दादाने तेच केलं आणि ते बरोबर होतं. फक्त चालू करण्याआधी प्रत्येक केबलच्या टोकाला मीटर लावा, जे आम्ही त्या दिवशी केलं नाही.

तुमचा कुठला चॅनेल गेलाय आणि त्याची केबल पुढे कुठे जाते, हे प्रश्नात नाही. ते लिहा, मग बोर्डाचं बघू.