४०० वर बरे, ६०० वर बिघडलेले: लघवी आणि प्लाझ्माचे एनएमआर स्पेक्ट्रम कसे सुधारायचे?

तुम्ही विचारलंय की गावांमधून आणलेल्या लघवीचे आणि प्लाझ्माचे एनएमआर स्पेक्ट्रम (चुंबकात ठेवलेल्या सॅम्पलमधली द्रव्यं शिखरांच्या रूपात दाखवणारे आलेख) ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर ठीक यायचे. आता क्रायोप्रोब (सिग्नल टिपणारी, खूप थंड ठेवलेली कॉइल) असलेल्या ६०० वर वेळ मिळाला, तर रेषा रुंद येतात, पाण्याचं शिखर बेढब दिसतं आणि सिग्नलही वाटला होता तेवढा नाही. स्कॅन, म्हणजे तीच मोजणी पुन्हापुन्हा करून बेरीज, ६४ चे २५६ करू का?

स्कॅनचं आधी सांगून टाकतो. चौपट स्कॅन केले तर सिग्नल-नॉइज गुणोत्तर दुप्पटच होतं, आणि रुंद रेषा चौपट वेळ मोजली तरी रुंदच राहते. तेव्हा ते सध्या राहू द्या.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या गावांमधून सिकलसेलच्या अभ्यासासाठी सॅम्पल गोळा करतो आणि रक्त काढलेल्या जागेपासून चुंबकापर्यंत ते स्वतः नेतो. एवढ्या वर्षांत मला दिसलंय ते असं की, खराब स्पेक्ट्रमचं कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतं, सॅम्पलच्या प्रवासात असतं. ४०० वर ते झाकलं जातं, ६०० वर उघडं पडतं. ४०० म्हणजे ९.४ टेस्ला, ६०० म्हणजे १४.१. नुसतं क्षेत्र वाढल्याने संवेदनशीलता साधारण १.८ पट व्हायला हवी. पण ट्यूबमधला बुडबुडा, गाळ किंवा कमी भरलेली ट्यूब क्षेत्रात जी असमानता आणते, ती पीपीएममध्ये (दशलक्षांशात) तेवढीच राहते आणि हर्ट्झमध्ये दीडपट होते. मिठाचा त्रासही फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो.

मिठाचंच घ्या. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आलेल्या माणसाची लघवी आणि पावसाळ्यातली त्याच माणसाची लघवी, एनएमआरच्या दृष्टीने ही दोन वेगळी सॅम्पल आहेत. उन्हाळ्यातली गडद, दाट, क्षारांनी भरलेली. क्षार असले की सॅम्पल वीज वाहतं, प्रोबचं ट्युनिंग सरकतं, ९० अंशाचा पल्स (सॅम्पलचं चुंबकत्व ९० अंशात वळवणारा रेडिओलहरींचा ठोका) लांबतो आणि सॅम्पल स्वतःच कॉइलमध्ये नॉइज घालतं. साध्या प्रोबमध्ये कॉइलचा स्वतःचा नॉइज एवढा असतो की हा भाग फारसा जाणवत नाही. क्रायोप्रोबची कॉइल २० केल्विनच्या आसपास थंड असते, तिचा नॉइज कमी, म्हणून खारट सॅम्पलमध्ये तिचा फायदा झपाट्याने घटतो. माझ्याकडे एकदा सकाळच्या पहिल्या सॅम्पलवर मोजलेला १० मायक्रोसेकंदांचा पल्स दुपारच्या एका सॅम्पलला १२ च्या पुढे गेला होता, आणि मी दिवसभर तोच १० वापरला होता. सगळी बॅच पुन्हा मोजावी लागली. तेव्हा ट्यून-मॅच आणि पल्स प्रत्येक सॅम्पलला नव्याने बघा. फारच खारट असेल तर ५ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटरची ट्यूब घ्या. तिला जेमतेम २०० मायक्रोलिटर सॅम्पल लागतं, आणि क्षारांमुळे होणारं नुकसान बरंच कमी होतं.

आता प्लाझ्मा. माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी रक्ताच्या ट्यूब व्हॅक्सिन कॅरियरमध्ये कडक गोठलेल्या आइसपॅकना चिकटवून ठेवायचो. जितकं थंड तितकं चांगलं, असं वाटायचं. तालुक्याच्या गावी पोचून सेंट्रिफ्यूज केलं, तर प्लाझ्मा तुरीच्या वरणावरच्या निवळीसारखा पिवळसर दिसायला हवा, तो पळसफुलं भिजवलेल्या पाण्यासारखा लालसर. आइसपॅकला टेकलेलं रक्त गोठलं होतं, तांबड्या पेशी फुटल्या होत्या. पेशी फुटल्या की आतलं हिमोग्लोबिन आणि बाकी सगळं प्लाझ्मात उतरतं. प्रथिनांचा रुंद उंचवटा वाढतो, पेशींच्या आतली द्रव्यं प्लाझ्माची म्हणून मोजली जातात. शिवाय ऑक्सिजन सुटलेलं हिमोग्लोबिन पॅरामॅग्नेटिक असतं, म्हणजे चुंबकाकडे ओढलं जातं. पॉलिंग आणि कोरियेल यांनी ते १९३६ मध्येच दाखवलं होतं. सिकलसेलच्या पेशी तर मुळातच लवकर फुटतात.

उपाय मला उपकेंद्रातल्या सिस्टरनी दाखवला. लसीसाठी त्या रोज तेच करत होत्या. ‘‘भाऊ, असा दगडासारखा नाही ठेवायचा. थोडा वेळ बाहेर राहू द्या, मग कानाशी हलवून पाहा. आत पाणी खळखळलं की ठेवा.’’ तेव्हापासून आइसपॅक आणि ट्यूब यांच्यात कापडाची घडीही घालतो, आणि गाडीच्या मागच्या सीटवर कॅरियर मांडीवर घेऊन बसतो. लाल प्लाझ्मा येणं जवळपास थांबलं. पण उशीरही करू नका. पेशींसोबत राहिलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानातही तासाला ५ ते ७ टक्के कमी होते आणि लॅक्टेट वाढतं. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. आणि रक्त साकळू न देणारी ट्यूब हेपरिनची घ्या. त्याच कामाची ईडीटीए आणि सायट्रेट ही द्रव्यं स्वतःची शिखरं आणतात, ती नेमकी तुमच्या कामाच्या जागी बसतात.

वितळवणं एकदाच, म्हणून गोठवतानाच छोटे भाग करा. वितळल्यावर पुन्हा फिरवून गाळ काढा. लघवीला पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर हवाच, नाहीतर सायट्रेटची शिखरं प्रत्येक सॅम्पलमध्ये वेगळीकडे सापडतील.

चुंबकात ट्यूब गेल्यावर लगेच शिम (चुंबकाचं क्षेत्र एकसारखं करणं) सुरू करू नका, किमान पाच मिनिटं थांबा. पाण्याचं शिखर दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम सरकतं, म्हणजे ६०० वर ६ हर्ट्झ. बर्फातून काढलेली ट्यूब तापत असताना तुम्ही पाण्याचं शिखर दाबायला जाल तर दाबाल एका जागी आणि पाणी असेल दुसरीकडे. तुमचं बेढब शिखर मला यातलंच वाटतं.

शिम नीट झालं का, हे मी सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेवरून ठरवत नाही. लघवीत टीएसपीचं (संदर्भासाठी घातलेल्या द्रव्याचं) शून्यावरचं शिखर मोठं करून बघा. त्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना ३.३ हर्ट्झवर सिलिकॉनमुळे येणारी दोन इवली शिखरं सुटी दिसली पाहिजेत. प्लाझ्मात मात्र टीएसपीवर जाऊ नका, ते अल्ब्युमिनला चिकटतं आणि रुंद होतं. तिथे १.३३ पीपीएमवरचं लॅक्टेटचं जोडशिखर बघा. दोन शिखरांत ७ हर्ट्झचं अंतर असतं. सीपीएमजी (प्रथिनांचा रुंद सिग्नल दाबणारा पल्सचा क्रम) लावून प्रथिनं दबल्यावर मधली दरी जवळपास तळाला टेकायला हवी. दरी अर्ध्यावरच राहिली तर ट्यूब काढा, बाहेरून पुसा, बुडबुडा आणि ट्यूबमधल्या सॅम्पलची उंची बघा, पुन्हा घाला.

एक लघवीचं आणि एक प्लाझ्माचं सॅम्पल असं करून बघा, आणि टीएसपीची अर्ध्या उंचीवरची रुंदी, लॅक्टेटच्या दरीचा फोटो आणि दोन्हींचा ९० अंशाचा पल्स इथेच टाका. रुंदी १ हर्ट्झच्या खाली असेल, तर मग स्कॅन किती ठेवायचे ते बोलू.